एक जूनचे तात्या

इंदापूरच्या नीळकंठतात्यांनी तीस वर्षं शाळेत कारकुनी केली आणि निम्म्या पंचक्रोशीला एक जूनला जन्माला घातलं. आईबापांना पोराची तारीख ठाऊक नसायची, शाळा तोंडावर आलेली असायची. मग तात्या बिनदिक्कत एक जून लिहून मोकळे. त्यांची स्वतःची तारीखही कुणा गुरुजींनी अशीच ठोकून दिलेली.

लेक आसावरीला हे पटलं नाही. आजी होती तोवर तिला खोदून खोदून विचारून, जुनी पंचांगं धुंडाळून तिनं बापाची खरी तारीख काढलीच. दर श्रावणात त्या दिवशी ती तात्यांना ओवाळायची. तात्या पेपरातून डोकं जेमतेम वर काढायचे. "सरकारदरबारी माझा वाढदिवस एक जूनला," म्हणायचे. असला आडमुठा माणूस!

मग आसावरीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. "तू मला मेलीस," असं म्हणून तात्यांनी तिचा नंबरसुद्धा पुसून टाकला. बायको आधीच गेलेली. घर खायला उठलं. आणि वर्षभरानं, आसावरीनंच पूर्वी तात्यांच्या मोबाइलवर घालून दिलेल्या कॅरमच्या खेळात तिचं आमंत्रण आलं. तात्यांनी ते घेतलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता डाव. बोलणं नाही, विचारपूस नाही. ती राणी हटकून बापासाठी सोडायची. तात्यांना ते कळायचं. लेक पलीकडे बसली आहे, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

एकदा मोबाइल हौदात पडला. नव्या मोबाइलवर खेळ उघडेना, म्हणून दुकानदार इंद्रजितनं खेळाच्या वेबसाइटच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, की खातं काढताना दिलेली जन्मतारीख कळवा, तीनदाच विचारू.

"एक जून घाल. आधारकार्डावर तीच हाय," तात्या म्हणाले.

चुकली.

"तात्या, खातं काढलं कुणी?"

"आसावरीनं." बोलता बोलताच तात्यांना उमगलं. तिनं खरीच तारीख घातली असणार.

"मग ती सांगा की."

"श्रावणात यायची."

"आवो, पन तारीख कुठली?"

इतकी वर्षं लेकीनं समोर निरांजन धरलं आणि या माणसानं एकदाही विचारलं नाही, की माझी खरी तारीख कुठली. अंदाजानं दोन घातल्या, दोन्ही चुकल्या. खातं कायमचं बंद झालं. नवं काढलं, तर आसावरीच्या खेळातल्या यादीत अनोळखी माणसाला शिरकाव नव्हता.

शेवटी तात्यांनी अर्ज सांगितला, इंद्रजितनं लिहिला. 'महोदय, समोरच्या खेळाडूस कृपया कळवावे, की मी खेळ सोडलेला नाही. मला तारीख माहीत नव्हती.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. इतर खेळाडूंशी आम्ही संपर्क साधून देत नाही. आपली तक्रार बंद करत आहोत. धन्यवाद.

इंद्रजितनं ते वाचून दाखवलं आणि मोबाइल हळूच त्यांच्यापुढं ठेवला.

"सात वाजलं की ती बघत आसंल रं," तात्या म्हणाले. "तिला वाटंल, बापानं दुसऱ्यांदा टाकलं."