शेजारच्या काकांचं तुर्कीशी भांडण
माणसांवर, सरकारवर, हवेवर चिडणारे पुष्कळ भेटतात; पण एका अख्ख्या भाषेच्या व्याकरणावर डूख धरून बसलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे इथे आखातात, मदिनत खलीफा वस्तीत आमच्या शेजारी राहणारे वसईचे काका. इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांचा जन्म गेला. एकुलत्या एका मुलीने तुर्की इंजिनियरशी लग्न ठरवलं, होणाऱ्या विहीणबाईंना तुर्कीखेरीज काही येईना, म्हणून काका उतारवयात वही घेऊन बसले. "एव म्हणजे घर. इथवर ठीक," ते मला सांगत. "एविम म्हणजे माझं घर. एविमदे, माझ्या घरात. अरे, 'माझं', 'घर' आणि 'आत' हे तिघं एकाच शब्दात कोंबायचे? त्यात एविन म्हणजे तुझं घर, आणि 'घराचं' म्हणायचं तरी पुन्हा एविनच. दाद कुणाकडे मागायची?"

"काका, आपणही घरात, घरातून म्हणतोच की."

"आपलं वेगळं. आपण 'माझं' सुटं ठेवतो, समोरच्याला दिसेल असं."

'आत' म्हणायला घराला 'दे' आणि खोलीला 'दा' लागतो हे कळलं त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. तुर्की न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी त्याला याचा जाब विचारला. तो बिचारा "खलास, बाबा, खलास" म्हणत वस्तरा बाजूला ठेवून उभा राहिला.

साखरपुड्याच्या जेवणाला विहीणबाई आल्या. काकांनी महिनाभर एकच वाक्य घोटलं होतं: किझिम साना एमानेत, माझी मुलगी तुमच्या स्वाधीन. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "किझिन साना एमानेत." होणारा जावई गालात हसला आणि माझ्या कानाशी लागून त्याने घोटाळा सांगितला. 'म'चा 'न' झाला होता. काका म्हणाले होते, तुमची मुलगी तुमच्या स्वाधीन. विहीणबाई मुलीला जवळ ओढून, डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "किझिम."

परतताना गाडीत मी काकांना चूक सांगितली. "एका अक्षरात मुलगी गेली," ते संतापाने म्हणाले. "ही काय भाषा झाली?" अल गराफाच्या सिग्नलपर्यंत ते त्या अक्षराला बोल लावत होते.

मुलगी आता तिकडे सासरीच असते. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा काका फोनवर विहीणबाईंना विचारत होते, "किझिमिझ नासिल?" मी अर्थ विचारला.

"आपली मुलगी कशी आहे," ते म्हणाले. "दोघांची मिळून असली की असा प्रत्यय लावतात."