लेप्सीच्या घळीतली झाडं

कुल्याश-आपा तीस वर्षं झुंगार डोंगरातली रानसफरचंदं मोजत होती. खोडाला मिठी मारून घेर सांगायची आणि तो फितीने मोजला, तर बोटभरही फरक निघायचा नाही. मी तिच्या हाताखाली कागद भरायचो. "तू नुसता लिही," ती म्हणायची, "तुझा हात लागला की झाडं आजारी पडतात."

१९९८ च्या शरदात आम्ही लेप्सी नदीच्या वरच्या अंगाला एका घळीत उतरलो. घोडी काठावरच अडली. किती ओढली तरी पाय टाकेना, म्हणून तिला वरच बांधली.

खाली एकोणीस झाडं होती. धडधाकट जंगलात म्हाताऱ्या झाडांच्या पायाशी पोरंटोरं वाढत असतात. इथं एकही रोप नव्हतं. सफरचंदांचा घोट्यापर्यंत सडा पडला होता, पण अस्वलाने तोंड लावलेलं नव्हतं. पाखरू बोलत नव्हतं.

आपाने खोडात पोकळ गिरमिट फिरवून लाकडाची कांडी काढली आणि तिच्यावरची वर्तुळं मोजली, वर्षाला एक. पासष्ट. पुढच्या झाडाची पासष्ट. सातव्याचीही.

"कुणीतरी एकदमच लावली असतील," मी म्हणालो.

"लावणारा ओळीत लावतो. हे बघ, इथं पाच, तिथं तीन. ती दोन तर एकमेकांना टेकलीत, थंडीत माणसं झोपतात तशी."

संध्याकाळी तिच्या घरी चहा पिताना तिने वडिलांना, झाक्सिबेक आकेंना, हे सांगितलं. आके सफरचंदाला कधी शिवत नसत. का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"झाडं किती?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "आम्ही वीस होतो. पासष्ट वर्षांपूर्वीच्या दुष्काळात, सीमेपलीकडे खायला मिळेल म्हणून निघालो होतो. सात वर्षांचा होतो मी. रानसफरचंदांखेरीज खायला काही नव्हतं, बियांसकट गिळायचो. त्या घळीत बर्फाने गाठलं. सकाळी मी एकटाच उठलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना तिथं नेलं. एकेका खोडावर हात ठेवून ते नाव घेत गेले. टेकलेल्या दोघांपाशी म्हणाले, "आई. आणि धाकटी राबिगा." शेवटी बाजूच्या एका वाकड्या झाडापुढे ते उभे राहिले, हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"हे कोण, आके?"

"माझी माणसं संपली, पोरी. परत मोजा."

आम्ही दोघांनी मोजली. वीस भरली. आपाने त्या वाकड्या झाडाची कांडी काढली, तिच्यावरही पासष्ट वर्तुळं. माझ्या कालच्या कागदावर मात्र एकोणीसच होती, आपाच्या सहीनिशी.

आकेंनी त्या झाडाचं एक फळ तोडलं, बाहीला पुसलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. बिया थुंकल्या नाहीत.

"अहवालात किती लिहू, आपा?" परतताना मी विचारलं.

"एकोणीस. विसावं आकेंचं स्वतःचं आहे, ते सरकारात कशाला?"

आके पुढे सहा वर्षं जगले. दर शरदात ते मला घळीच्या काठापर्यंत न्यायला लावत आणि खाली एकटेच उतरत.