ओल्या मेंदीचे हात

मामीला मी माफ केलेलं नाही. आता तिचे गुडघे गेलेत, चार शब्द बोलली की तिला दम लागतो, आणि दर ईदेला मी अल हैलहून शीरखुर्म्याचा डबा घेऊन तिच्याकडे जाते. तरीही नाही.

ती माझी सख्खी मामी नव्हे. इथे ओमानमध्ये, रुवीतल्या ज्या शिलाईच्या दुकानात अब्बा काम करायचे, तिथल्या मॅनेजरची ती बायको. मॅनेजर आमच्याच रत्नागिरीकडचा. त्याने अब्बांना व्हिसा मिळवून दिला, म्हणून तो मामू आणि ती मामी. त्या दोघांसमोर अब्बा कधी पाठ टेकून बसले नाहीत. मामी निघाली की अम्मी तिच्या चपला सरळ करून ठेवायची. परक्या मुलखात ज्याने आणलं त्याचे उपकार विसरायचे नाहीत, हे आम्हाला भाताच्या घासाबरोबर भरवलं गेलं. उपकार होतेच, मी नाही म्हणत नाही.

इथले पुरुष दिशदाशा घालतात, पायघोळ पांढरा झगा. त्याच्या गळ्याशी दोऱ्याचा छोटा गोंडा लोंबतो, त्याला अत्तर लावतात. शिलाई कितीही चांगली असो, गिऱ्हाईक आधी गोंडा हातात घेऊन बघतं. अब्बांनी मला तो सुट्टीत गंमत म्हणून शिकवला होता. महिन्याभरात माझा गोंडा त्यांच्यापेक्षा बरा व्हायला लागला. तिथेच माझं चुकलं.

मी आठवीत होते. रमजानच्या तोंडावर मामी वादी अदाईतल्या आमच्या खोलीवर आली.

"ईदेची ऑर्डर अंगावर आलीय," ती अब्बांना म्हणाली. "पोरीला थोडे दिवस घरी बसवा, गोंडे करील. ईद झाली की जाईल शाळेत, इन्शाल्ला."

"तुम्ही सांगाल तसं, भाभी," अब्बा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ईद झाली. मग बकरी ईदेची ऑर्डर आली. मग शाळेतून चिठ्ठी आली. ती इंग्रजीत होती, म्हणून अब्बांनी मलाच वाचायला दिली. माझं नाव पटावरून काढल्याचं घरात मीच वाचून दाखवलं. मामी चहा पीत बसली होती. "चला," ती म्हणाली, "आता निवांत काम होईल."

पुढची दोन वर्षं माझे गोंडे दुकानात गेले ते मामीच्या नावाने. दुकानाचा ओमानी मालक, त्याला सगळे अर्बाब म्हणायचे, त्याला मामू सांगायचा, "घरवालीचा हात आहे." हे अब्बांनीच घरी येऊन कौतुकाने सांगितलं, जणू आमचाच मान झाला होता.

मग अर्बाबच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. अर्बाबच्या म्हाताऱ्या आईचा निरोप आला: "नवरदेवाचा गोंडा माझ्यासमोर, माझ्या घरात व्हायला हवा, मॅनेजरच्या बायकोच्या हातचा."

मामी धावत आमच्याकडे आली. "तू माझ्याबरोबर चल. चष्मा विसरले म्हणेन मी. पोरीला मीच शिकवलंय, ती करील, असं सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस."

"बरं, मामी."

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आम्ही पोचलो. मोठी बैठक, बायकाच बायका, काहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, आणि हलवा फिरत होता. मामीला नवरदेवाचे कपडे दाखवायला आत नेलं. कोपऱ्यात मेंदीवाली बसली होती. तिने मला खूण केली, "हात दे, बेटी."

आधी मला अब्बांचा व्हिसा आठवला, खरं सांगते. मग ती चिठ्ठी आठवली. मी उजवा हात पुढे केला. तो भरून झाल्यावर डावाही दिला.

"यल्ला, ये गं," मामी बाहेर येत म्हणाली. मग अर्बाबच्या आईकडे वळून हिंदीत, "मुआ चष्मा घर पे रह गया..."

मी दोन्ही हात वर करून दाखवले. बोटांच्या टोकांपर्यंत ओली मेंदी.

"धुऊन टाक," ती हातावर हात चोळून दाखवत मराठीत पुटपुटली. "आत्ताच्या आत्ता."

म्हातारीला हिंदी यायची, मराठी नाही. तिला शब्द कळले नसतील, पण धुण्याची खूण कळली. "शादी की मेहंदी गीली नहीं धोते," ती म्हणाली आणि स्वतःचा चष्मा काढून तिने मामीपुढे धरला. "ये ले."

मामी बसली. दोरा गुंतला, तुटला, पुन्हा गुंतला. शेवटी जे झालं ते झिजलेल्या दाढीच्या ब्रशासारखं दिसत होतं. बायका काहव्याच्या कपांत बघत राहिल्या. म्हातारीने माझं मनगट धरून हात जवळ घेतला. करंगळीच्या सांध्यावर, जिथे मेंदी नव्हती, तिथे दोऱ्याने कापून कापून पडलेली खाच होती.

"तो ये काम तेरा है?"

मी मामीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हां."

"खलास," म्हातारी म्हणाली. "सूखने दो."

सूर्य मावळून मगरिबची अजान होईपर्यंत सगळे माझी मेंदी सुकायची वाट बघत थांबले. मग मी ती खरवडली आणि गोंडा करायला बसले. दोरे हातात द्यायला मामी होती. तिने दिलेला दोरा मी तीनदा परत केला. तिन्ही वेळा तो बरोबरच होता.

"हा नव्हे, मामी. तो."

तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "व्हिसा रद्द केला असता तर?" पण मामूची हिंमत झाली नाही, कारण म्हातारी आता काम थेट आमच्या खोलीवर पाठवायची. आज माझं स्वतःचं शिलाईचं दुकान आहे ते तिच्यामुळे. अल्ला तिला जन्नत देवो. शाळा मात्र मला कोणी परत दिली नाही.

म्हणून ईदेला मामीकडे जायच्या आदल्या दिवशी मी मेंदी लावते. लिंबू-साखरेचं पाणी फिरवून रंग गडद करते, आणि डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरते. ती आधी हात बघते, मग डबा घेते.

"रंग चढलाय," ती म्हणते.

"हो, मामी. दरवर्षी चढतो."