पालथा मोबाईल

शेलूबाजारातला मोटार-वाइंडिंगवाला माझा जुना विद्यार्थी. सोलर पंपाचे दोन-दोन तासांचे व्हिडिओ तो दुकानात बसून पाहतो. दर पाच मिनिटांनी थांबवतो, मोबाईल पालथा ठेवतो, ऐकलेलं स्वतःलाच वऱ्हाडीत समजावतो आणि मगच वहीत दोन ओळी लिहितो.

काल माझाच बंद पडलेला सोलर पंप त्याच्यापुढे होता. वहीप्रमाणे वायर जोडली, पंप हलेना. त्याने ती ओळ खोडली. "व्हिडिओवाला इथं चुकून राह्यला!" मग स्वतःच्या डोक्याने वायर बदलली आणि दुकानातल्या टाकीत धो धो धार! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अरे, शाळेत तर तुझी वही कोरी असायची!"

तो हसला. "सर, तवा तुमाले थांबवता येत नव्हतं."