उजव्या पापणीची रांजणवाडी

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, डॉक्टर असून धड पेशंट असा कधी पाहिला नाही. पाहिले ते त्यांचे तुकडे. इस्पितळाच्या तळघरात मायक्रोस्कोपवर मान मोडून बायोप्सीच्या काचा तपासायच्या आणि दोन ओळींत निकाल लिहून वर पाठवायचा. रडारड वरच्या डॉक्टरांनी सोसायची. "ताईला काचेखाली घातल्याशिवाय माणूस दिसत नाही," असं हे म्हणायचे. हे त्यांचे धाकटे भाऊ, माझा नवरा. घड्याळं दुरुस्त करतात, दिवसभर उजव्या डोळ्यात भिंग अडकवून बसतात. दोघंही एका माळेचे मणी.

यांच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली. वन्संनी जेवता जेवता पाहिलं आणि म्हणाल्या, "शेक दे, जाईल." गेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा खरवडून काढली आणि खरवडलेलं केराच्या डब्यात टाकलं. ती पुन्हा आली, पापणीचे केस झडले. तेव्हा कुठे तुकडा तळघरात गेला.

मी तिथेच बसले होते. वन्सं काच सरकवत राहिल्या, चहा निवून गेला. पेशींमध्ये फेसासारखी बारीक भोकं होती. काच तयार करताना चरबी विरघळते आणि तिच्या जागी अशी भोकं राहतात, असं त्यांनी सांगितलं. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग. क्वचितच दिसणारा, आणि रांजणवाडीचं सोंग घेण्यात पटाईत. पापणीच्या आतल्या अस्तरातही त्याच पेशी सुट्या सुट्या पसरल्या होत्या. नाव झाकून त्यांनी दोघा सहकाऱ्यांना काच दाखवली. दोघांनीही तेच सांगितलं.

"शेक दे म्हणाले मी," वन्सं म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

वर पाठवायचा निकाल घेऊन त्या स्वतः माझ्याबरोबर आमच्या दुकानात आल्या. हे एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"बोल ताई, काय दिसलं?"

वन्संनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"पापणी काढून भागेल ना?"

"नाही रे. आतल्या अस्तरात पसरलंय, डोळाही काढावा लागेल."

यांनी उजव्या डोळ्यातलं भिंग काढून पुसलं, डाव्या डोळ्यात अडकवलं आणि चिमटा उचलला. भिंग खाली पडलं. त्या डोळ्याला काही धरायची सवयच नव्हती. वन्संनी ते उचलून दिलं. पुन्हा पडलं. या वेळी दोघांपैकी कोणी वाकेना, म्हणून मी वाकले.