शिट्टी मारणारा पाय

"अहो, धावा कुणीतरी! ह्याचा पाय शिट्ट्या मारतोय!"

आत्या अशी ओरडली की उज्जैन स्टेशनावरच्या दोन गाड्या गार्डाची शिट्टी समजून सुटल्या असतील. पाय माझा होता. आणि शिट्टी खरोखर वाजत होती.

भाचीच्या लग्नासाठी भैरवगढहून छापील चादरी स्कूटरवर आणताना एका चादरीचं टोक चाकात गेलं. मग चादर रस्त्यावर, मी चादरीवर, स्कूटर माझ्यावर. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं आणि निवांत रहदारी बघत बसलं. फ्रीगंजातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं धुतलं, बाहेरून सळ्या लावून हाड जागेवर बसवलं, पण जखम शिवली नाही. खोटं कशाला सांगू, तिच्यातून अख्खी क्षिप्रा वाहिली असती. तळाशी हाड पांढरंफेक.

"ह्याच्यावर लाल मांस चढलं, तर पाय वाचला," डॉक्टर म्हणाले. नाही चढलं तर काय, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला प्रश्न सुचला नाही.

पट्टी म्हणाल तर तीही जगावेगळी. जखमेच्या मापाचा काळा स्पंज कापून आत बसवलेला, वरून पारदर्शक चिकट पडदा, पडद्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला डब्याएवढं यंत्र. ते रात्रंदिवस जखमेतलं घाण पाणी ओढत बसायचं. कुठून हवा शिरली की ओढ गेली, आणि ओढ फार वेळ गेली तर आत सडायला सुरुवात.

तिसऱ्या आठवड्यातल्या त्या दुपारी हवा शिरली होती.

पट्ट्या बदलणारे ड्रेसर भैया आले. माणूस असा अबोल, की त्यांच्यासमोर भिंतीही बडबड्या वाटाव्यात. "पंखा बंद. सब चुप," एवढंच म्हणाले. पलंगाभोवतीचे आमचे नऊ नातेवाईक एकदम गप्प झाले. पेशवाई बुडाल्यापासून आमच्या घराण्यात असं घडलं नव्हतं.

भैयांनी कान माझ्या नडगीजवळ आणला आणि पडद्याच्या कडेवरून एक बोट फिरवत नेलं. बोट पुढे, शिट्टी मागे. घोट्याच्या वर येताच शिट्टी थांबली. त्यांनी कड उचलली. आतून काळ्या दोऱ्याचं शेपूट निघालं.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"काळभैरवाचा आहे," आत्या म्हणाली. "हा झोपला होता, म्हटलं जखमेला लागून असलेला बरा. मला काय माहीत हा पाय नसून प्रेशर कुकर आहे!"

मला वाटलं, आता भैया बरसणार. त्यांनी दोरा यंत्राच्या मुठीला बांधला. "माताजी, बाहर भैरव बाबा. अंदर हम."

पण दोरा आत गेलाच होता, तेव्हा सगळी पट्टी काढणं आलं. सलाईनच्या पाण्यानं स्पंज भिजवत, अगदी झोपलेल्या पोराखालचं दुपटं काढावं तसा त्यांनी तो सोडवला. मी एरवी छताकडे बघायचो. त्या दिवशी खाली बघितलं.

पांढरं हाड कुठेच नव्हतं. त्या जागी बारीक बारीक दाण्यांचं लाल, ओलं, जिवंत मांस. डाळिंब फोडून ठेवावं तसं. असला लाल रंग भैरवगढच्या चादरी छापणाऱ्या एकाही छिप्याच्या हौदात मी पाहिलेला नाही. माझ्याच पायात, माझ्या नकळत, मी चादरींच्या किमतीवरून कुरकुरत असताना कोणीतरी मुकाट्यानं काम करत होतं. आत्यानं हात जोडले. कोणाला, ते तिलाही ठरवता आलं नसावं. मी तर मान वाकडी करकरून बघत राहिलो. साक्षीदार आहेत.

भैयांनी नवा स्पंज कापून बसवला, पडदा चिकटवला, यंत्र सुरू केलं. स्पंज मनुकेसारखा आक्रसला. शिट्टी नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. "भैया, चमत्कार! आता तर पाय वाचला ना? बोलो ना, बच गया ना?"

जुनी पट्टी पिवळ्या पिशवीत टाकत ते म्हणाले, "परसों देखेंगे. पैर मत हिलाना."