रद्द नकाशाचं अंगडं

माझी नात कंपनीत कागदपत्रांच्या आवृत्त्यांचा डेटाबेस बनवते. कोणता कागद कधी बदलला, का बदलला, जुना कुठे आहे. "आजी, तुला नाही कळायचं," म्हणते. मी मान डोलावते. साठच्या दशकात शहाद्याच्या पाटबंधारे कचेरीत तिची आजी याच कामापायी स्वतःला केवढी शहाणी समजत होती, हे तिला कशाला सांगा!

मी तिथे ट्रेसर होते. इंजिनिअरसाहेबांचा नकाशा कांजी चढवलेल्या पातळ कापडावर काळ्या शाईने उतरवायचा, मग त्यावरून प्रती निघायच्या. पाटाचे नकाशे सारखे बदलत आणि शेवटचा कोणता, यावरून भांडणं होत. मी डोकं चालवलं. प्रत्येक सुधारणेला एक कार्ड: काय बदललं, का बदललं, आणि शेवटचा रकाना 'सध्या कुठे'. रद्द झालेलं कापडही कपाटात जपायचं. तो कार्डांचा खोका मी असा मिरवत असे, जणू सातपुडा मीच रचला.

दुसरं करायला होतं तरी काय? धुळ्याहून आलेली एकटी मुलगी. कचेरी सुटली की स्टोव्ह पेटवून एका माणसाचा भात. गल्लीतल्या बायका ओट्यावर अहिराणीत हसत असायच्या, मी दिसले की गप्प. मीही धुळ्याचीच, पण नोकरी लागल्यापासून बाईसाहेब पुस्तकी मराठीत "नमस्कार" म्हणत. कोण बोलणार असल्या ध्यानाशी! रविवारी मी किल्ली मागून कार्डं लावत बसे. लावलेलीच.

एके दिवशी साहेब म्हणाले, "पाटावरच्या मोरीच्या नकाशाची दुसरी सुधारणा काढा. तेव्हा रुंदी किती धरली होती? ठेकेदार वाद घालतोय."

मी ऐटीत कार्ड काढलं. सध्या कुठे: कपाट. कपाटात कापड नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर हा खोका बंद," साहेब म्हणाले. "पूर्वीसारखे गठ्ठेच बांधू."

शिपायाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यानं तं मिस्तरीना पोऱ्यानं अंगडं व्हयी गयं, बाई."

पाटाच्या कामावरच्या मिस्तरीच्या बाळाला त्या कापडाचं अंगडं शिवलं होतं! कचेरीत कोणाकडे मूल झालं की रद्द कापड द्यायची रीतच होती. गरम पाण्यात कांजी उतरली की ते मलमलीसारखं मऊ होई. सगळ्यांना ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं.

मिस्तरीचं घर माझ्याच गल्लीत. त्याची बायको ओट्यावर बाळाला घेऊन बसली होती. मी म्हणाले, "मला आपल्या बाळाचं अंगडं तपासायचं आहे."

"कागद लेवाले उनी का पोऱ्याले?" ती म्हणाली. कागद न्यायला आलेय की पोरालाच! सगळा ओटा खदखदला.

पण तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. पाठीवर फिकट रेघा होत्या, मोरी बगलेजवळ, आणि शिवणीच्या जेमतेम अलीकडे रुंदीचा आकडा. मी तो लिहून घेतला. तेवढ्यात बाळाने माझं पातळ भिजवलं.

"बठ ना वं, चहा करस," ती हसत म्हणाली. शहाद्यात मला कोणी बस म्हटलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

खोका वाचला. कार्डावर मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सध्या कुठे: मिस्तरींचं बाळ'. आता नोंद केली म्हणजे तपासणी आलीच! मी रोज संध्याकाळी तपासणीला जाऊ लागले. "उनी वं साहेबीण," ती आत आवाज देई. बाळ वाढलं, अंगडं तोकडं झालं, बाळाला ते घालणंही बंद झालं. तपासणी चालूच.

मग मिस्तरीची अक्कलकुव्याला बदली झाली. एसटी स्टँडवर खिडकीतून तिने धुऊन घडी केलेलं अंगडं माझ्या हातात दिलं. "ले वं, तुन्हा कागद."

दुसऱ्या दिवशी मी ते कपाटात ठेवलं, कार्डावरचं बाळ खोडलं आणि 'कपाट' लिहिलं. सगळे नकाशे जागेवर होते. संध्याकाळी मला कुठेच जायचं नव्हतं.